जांभळी रेघ

पोस्टिंग ईशान्येकडच्या डोंगरात होतं. महिला कंपनी, खाली दरी, आणि वर्षातले सहा महिने धुकं. मी हवालदार, एमटीत, म्हणजे गाड्यांच्या विभागात, मेकॅनिक. आमच्याकडं एक बुलेट होती आणि ती चालवणारी एक डिस्पॅच रायडर, म्हणजे डीआर, कॉन्स्टेबल रेहाना. रोज पहाटे साडेपाचला डाक घेऊन हेडक्वार्टरला निघायची. वाटेत तीन पोस्ट. ती पुढून गेली की प्रत्येक पोस्ट वायरलेसवर कळवायची, "डीआर पास."

ती दौंड तालुक्यातल्या खुटबावची आणि मी शिरूरकडची, मांडवगण फराट्याची. मधे नुसती भीमा. एवढ्या लांब जाऊन नदीपल्याडचं माणूस भेटलं की काय वाटतं, ते घर सोडल्याशिवाय कळायचं नाही. ती मला आक्का म्हणायची. मी तिला चिडवायचे, तुम्ही दौंडवाले रेल्वेच्या आवाजात वाढलेले, गाडीला ब्रेक असतो हे तुम्हाला कुठं ठाऊक. ती म्हणायची, आक्का, शिरूरला अजून रेल्वेच पोचली न्हाई, तुम्ही तर बोलूच नका.

ड्यूटीवर नखं रंगवायची परवानगी नव्हती. मग नेलपॉलिशच्या बाटल्या आमच्या स्पॅनरच्या पेटीत आल्या. नट पुरा आवळला की त्याच्यावरून बोल्टवर एक रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. माझी रेघ लाल. रेहानाची जांभळी. खरं तर रायडरनं नटाला हात लावायचा नाही अशी ऑर्डर होती. पण तिचे अब्बा गावात विहिरीच्या मोटरी दुरुस्त करायचे, तिला स्पॅनर धरल्याशिवाय करमायचं नाही.

त्या संध्याकाळी पाचला मी बुलेटचं पुढचं चाक खोललं. ब्रेक साफ केला, चाक बसवलं, आणि तेवढ्यात रेशनचा ट्रक आला. सगळ्यांना माल उतरवायला बोलावलं. दीड तासानं परत येऊन राहिलेलं काम उरकलं आणि रजिस्टरात 'फिट' लिहून सही केली. अंथरुणावर पडल्यावर मनात आलं, चाकाच्या एक्सलचा नट आवळला का? आठवेना. उठून बघायला पाहिजे होतं. नाही उठले.

पहाटे पाच पंचवीसला शेडमध्ये गेले तर ती गाडीवर बसलेली, इंजिन चालू. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आक्का, झोपा अजून. गाडी बघितलीय मी."

थांब म्हणायला हवं होतं. पण थांबवलं की कारण लिहावं लागतं, आणि लिहिलं की चार्ज, म्हणजे हलगर्जीचा ठपका, लागतो. मी बाजूला झाले. ती गेली.

पाच पंचावन्नला पहिल्या पोस्टचा आवाज आला, "डीआर पास, ओव्हर." सहा बाराला दुसऱ्या पोस्टचा. सहा चाळीसला तिसऱ्या. मी वायरलेसच्या खोलीच्या दारात उभी होते, तेव्हा श्वास सोडला. सव्वासातला हेडक्वार्टरनं विचारलं, "डीआर कुठे आहे?"

ती आठ दहाला सापडली, दरीत. तिसरी पोस्ट तिथून दोन किलोमीटर पुढं होती. तिच्या मनगटावरचं घड्याळ सहा सव्वीसला थांबलेलं.

तिसऱ्या पोस्टवरची संत्री शपथेवर सांगत राहिली, गाडी माझ्या पुढूनच गेली. धुक्यात दिसली नाही, पण आवाज तोच, आणि रोजच्यासारखा दोनदा हॉर्न दिला. चौकशीत तिचं म्हणणं खोडून टाकलं. अहवालात आलं, दाट धुकं, रस्त्यावर दरडीचे दगड. आणि गाडीबद्दल, 'दोष सिद्ध होत नाही.' 'दोष नाही' असं लिहिलं नव्हतं बघा. सिद्ध होत नाही, असं लिहिलं होतं. त्या शब्दांवर मी पुढची सगळी नोकरी काढली.

गाडी कंडेम झाली, लिलावात निघाली. रेहानाच्या अब्बांनी ती रेल्वेच्या पार्सलनं दौंडला उतरवून घेतली. मांडवगणहून खुटबाव तासाभराचा रस्ता. मला जायला एकवीस वर्षं लागली. गेल्या थंडीत त्यांचाच निरोप आला, हात थरथरतात, गाडी जोडायला या.

खोलीत बाज होती. बाजेवर पांढरी चादर, आणि चादरीवर बुलेट. हेडलाइट उशीच्या जागी. हँडल खांद्यांच्या जागी, आडवं. टाकी, इंजिन, पायांशी चाकं. एकूण एक वॉशर ओळीत, तेलानं पुसलेला. दुपारची वेळ, बाहेर कडक ऊन, आणि त्या खोलीत मला पाऊल टाकवेना.

चाचा, म्हणजे तिचे अब्बा, म्हणाले, "का पडली ते बघायला खोलली. शेवटच्या नटापर्यंत गेलो, काय सापडलं न्हाई. आन् मग जोडवंना. पोरीला अशी उघडी ठेवलीय मी."

मी कामाला लागले. तीन दिवस लागले. पुढच्या चाकाचा वाकलेला फोर्क चाचांनी आधीच सरळ करून आणला होता. प्रत्येक नटावर माझी लाल रेघ होती, अर्धी नटावर, अर्धी बोल्टवर. आवळत न्यायचं, दोन्ही अर्ध्या जुळल्या की थांबायचं. माझाच तरणा हात माझ्या हातावर ठेवल्यासारखं वाटायचं. मागं कुणी उभं आहे असंही वाटायचं. वळून बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पुढचं चाक. एक्सलचा नट उचलला, उजेडात धरला. लाल रेघ नव्हती. जांभळी होती.

नट चाचांच्या पुढं धरला. मग विचारलं, "चाचा, हा काढताना ढिला होता का?"

"ढिला? पाईप लावून दोघांनी वढला तवा निघाला. समद्यात घट्ट त्योच."

म्हणजे नट मी विसरले होते. तिनं पहाटे बघितला, आवळला, रेघ ओढली, आणि माझ्यावर चार्ज येऊ नये म्हणून तोंडातून शब्द काढला नाही. गाडी बघितलीय मी, एवढंच. खाली नेलं ते दगडांनी.

मी चाचांना सगळं सांगितलं. माझं चुकलं होतं, आणि तिनं झाकलं होतं. ते चादरीच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मंग आता तू आवळ."

जांभळी रेघ जुळेपर्यंत आवळला.

हॉर्नची वायर जोडायची राहिली होती, पण चाचांना धीर नव्हता. पाचव्या किकला इंजिन लागलं. मी कॅनॉलपर्यंत जाऊन सावकाश परत आले. ते अंगणात बाजेवर बसलेले, चादर घडी करून मांडीवर. नजर अधू झालीय त्यांची.

"दोनदा गेलीस व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई चाचा. एकदाच."

"तू यायच्या आधी एक गेली की हितनं. ह्योच आवाज. हॉर्न दिला, दोनदा."

रस्ता दोन्हीकडं मोकळा होता. धूळसुद्धा उडालेली नव्हती. हॉर्नची सुटी वायर माझ्या गुडघ्याला लागत होती. मी इंजिन बंद केलं, घड्याळ बघितलं आणि जे तेव्हा चौकशीत खोडून टाकलं होतं ते म्हणाले.

"डीआर पास, चाचा."

कॉन्स्टेबल रेहाना, डिस्पॅच रायडर, खुटबाव. गाडी फिट होती.