आळीपाळीनं पाहिलेला समुद्र

ज्या घरात शेळ्या असतात, त्या घरातल्या नवरा-बायकोला एकाच वेळी मुक्कामाला बाहेर जाता येत नाही. शेजारी एखाद्या वेळेला चारा टाकतील, पाणी दाखवतील; पण रोज सकाळी रानात न्यायचं, व्यालेलीवर लक्ष ठेवायचं, हे दुसऱ्याच्या गळ्यात किती दिवस घालायचं? त्यामुळे लग्न झाल्यापासून आमचं असंच चालत आलंय. पाहुण्यांत लग्न असलं की हळदीला ती जाते आणि लग्नाला मी.

आम्ही उमापूरच्या शिवारात राहतो. कापूस, थोडी बाजरी आणि शेळ्या. मुलगी एकच. ती नर्सिंग शिकली आणि रत्नागिरीला एका दवाखान्यात लागली. दिवाळीला यायची, दोन दिवस राहायची, की परत. दर वेळी म्हणायची, "दादा, एकदा या तरी. शनिवार-रविवार काढा. समुद्र दाखवते." मी हो म्हणायचो आणि ते तिथंच राहायचं.

त्या वर्षी बायकोच म्हणाली, "जा तुमी. पोरगी कशी ऱ्हाती ते तरी बघून या. मी हाय हितं."

"अन् तू?"

"माझं बघू मागून."

बीडहून गाडी धरली. मांजरसुंब्याला गाडी ढाब्यावर थांबली तेव्हा खाली उतरून मी चहा घेतला. तिथपर्यंत सगळं ओळखीचं होतं. माणसं, बोलणं, धुळीचा वाससुद्धा. पुढं कोल्हापूरला गाडी बदलली, घाट उतरलो आणि हवा अंगाला चिकटायला लागली. मुलगी स्टँडवर उभी होती. केस बारीक कापलेले, पाठीला पिशवी. पाया पडली आणि लगेच म्हणाली, "चला, आज भरपूर फिरायचंय."

खरंच भरपूर फिरवलं. आधी किल्ल्यावर देवीचं दर्शन, तिथून समोरचा दीपस्तंभ. मग एका परदेशी राजाला कैदेत ठेवलं होतं तो टेकडीवरचा राजवाडा. तिथल्या गच्चीत उभं राहून ती म्हणाली, "त्याला इथून समुद्र दिसायचा. पण जाता मात्र यायचं नाही." मी लांबवरचं पाणी बघत राहिलो. त्या माणसाचा दिवस कसा जात असेल, एवढंच डोक्यात आलं. संध्याकाळी तिनं मांडवीच्या वाळूवर नेलं. चप्पल हातात घेऊन चालायला लावलं, फोटो काढले. "हसा की, दादा," म्हणाली.

ती मला सगळं दाखवत होती आणि मी जास्त करून तिच्याकडंच बघत होतो. भाजीवालीशी ती तिथल्यासारखं बोलायची. दुकानदार विचारायचा, "आज सुट्टी वाटतं?" रस्ता ओलांडताना तिनं माझा दंड धरला, मी जत्रेत तिचा धरायचो तसा. गावाकडची गोष्ट काढली की ती "हं" म्हणायची आणि दुसरंच काही दाखवायची. आमच्या मोठ्या कडुलिंबाची फांदी वादळात मोडली, हे मी सांगायला घेतलं होतं. ते राहूनच गेलं.

रविवारी सकाळी तिचा फोन वाजला. पाळीवरची दुसरी नर्स आजारी पडली होती, तिच्या जागी हिला दवाखान्यात जायलाच हवं होतं. ती रडवेली झाली.

"तुम्ही खोलीवरच थांबा, दादा. मी दुपारनंतर येते."

"मी काय लहान हाय का? जा तू. मी जातो समुद्रावर."

रिक्षानं मांडवीला उतरलो. काल माणसं होती, घोडे होते, भेळेच्या गाड्या होत्या. आता सकाळचं कोणीच नव्हतं. कालच्यापेक्षा पाणी बरंच आत गेलं होतं आणि काळे खडक उघडे पडले होते. एक बाई खडकांवरून वाकून काही तरी ठोकून काढत होती. मी चालत चालत पार पुढच्या खडकावर गेलो आणि समोर तोंड करून बसलो.

समुद्राकडं बघून काय करायचं असतं ते मला कळेना. आमच्याकडं माळावर बसलं तरी नजरेला काम असतं. कोणती शेळी मागं राहिली, कोणती दुसऱ्याच्या रानात शिरली. इथं कोणाकडं लक्ष द्यायचं नव्हतं. पाणी येत होतं, जात होतं. बायको शेजारी असती तर तिनं काही तरी विचारलं असतं आणि मी ठाऊक नसताना उत्तर दिलं असतं. इतक्या वर्षांत एकटं बसायची सवय मला चांगली होती, पण ते एकटेपण वेगळं. संध्याकाळी घरी जायचं ठरलेलं असायचं. इथं मला वाटलं, मी असाच बसून राहिलो तर या गावात कोणाला कळणारही नाही.

"ओ काका! मागं बघा, मागं!"

वळून पाहिलं. मघाची ती बाई काठावरून हात हलवत ओरडत होती. मी ज्या खळग्यातून कोरडा चालत आलो होतो, तिथं पाणी भरलं होतं. माझा खडक तेवढा वर राहिला होता.

"भरती लागलीय! या लवकर, सरळ या!"

मी उतरलो. आधी गुडघ्याएवढं, मग मांडीपर्यंत. खाली शेवाळं, पाय ठरेना. मला पोहायला येतं, विहिरीत शिकलोय. पण विहिरीतलं पाणी ओढत नाही. एक लाट मागून आली आणि मी पुढं हातावर पडलो. नाकातोंडात खारट पाणी गेलं. तेवढ्यात त्या बाईनं टोपली ठेवली, लुगडं खोचलेलंच होतं, ती पाण्यात आली आणि माझं मनगट पकडलं. "दगडावर नको, वाळूवर पाय द्या," म्हणत तिनं मला बाहेर काढलं.

काठावर आल्यावर ती रागावली. "समुद्राला पाठ दिली नाहीत ते खरं, पण मागं कोण बघणार? कुठनं आलात?"

"बीडकडून."

"कुठं आलं ते?"

मी पूर्वेकडं हात केला. "लई लांब," म्हणालो.

"एकटेच आलात?"

"पोरगी हाय हितं. दवाखान्यात कामाला. मालकीण घरी, शेळ्या हायत ना."

"मग बरोबर," ती म्हणाली. शेळ्या म्हटल्यावर तिचा राग उतरला. टोपलीतली शिंपल्यातली कालवं दाखवून तिनं विचारलं, "खाता का?" मी नको म्हणालो. ती हसली, टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. तिचे नीट आभारही मानले नाहीत, हे ती लांब गेल्यावर ध्यानात आलं.

अंगावर कपडे वाळवत बसलो होतो. फोन पिशवीत होता आणि पिशवी काठावर ठेवली होती म्हणून वाचला. तो वाजला. बायको.

"काय करायलात?"

"समुद्रावर बसलोय."

"पोरगी हाय का संगं?"

"न्हाई. तिला कामावर जावं लागलं."

"मग कावून एकटे बसलात? काय हाय तितं?"

मी फोन लाटांकडं धरला. थोडा वेळ धरून कानाला लावला तर ती म्हणत होती, "वारं सुटलंय का? कायच ऐकू येईना."

खडकाचं मी सांगितलं नाही. ती तिथं शेळ्यांमागं असताना तिच्या जिवाला घोर कशाला?

मुलगी आली ती दिवे लागल्यावर. पायजम्याच्या काठाला वाळू बघून म्हणाली, "पाण्यात गेलतात का?" दोन दिवसांत पहिल्यांदा ती आमच्यासारखं बोलली.

"गेलतो जरासा."

तिनं पिठलं केलं. खोलीत ताट एकच होतं. ते तिनं मला दिलं आणि स्वतः कढईच्या झाकणात घेऊन बसली. मग माझ्या नजरेला एकेक पडत गेलं. पेला एक, खुर्ची एक, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल एक. खाता खाता तिचे डोळे मिटत होते. एवढी गावभर ओळख, पण ही दार लावून घेते तेव्हा आत कोण असतं? विचारावंसं वाटलं. "करमतं का गं हितं?" एवढंच विचारलं.

ती घास तसाच धरून म्हणाली, "सवय झालीय, दादा." आणि तो घास खाऊन, "लिंबाचं काय सांगत होतात काल?"

मी फांदीचं सांगितलं. ती पूर्ण ऐकेपर्यंत झोपली नाही.

सोमवारी सकाळी तिनं मला गाडीत बसवलं. घरी पोहोचल्यावर बायकोनं विचारलं, समुद्र कसा असतो? मी म्हणालो, "मोठा हाय." तिनं आणखी विचारलं, मला आणखी सांगता आलं नाही. तेव्हाच ठरवलं, हिला पाठवायचं.

कापूस निघाल्यावर ती गेली, भाकरी, ठेचा आणि पिशवीत एक नवं ताट घेऊन. ते शनिवार-रविवार मी शेळ्यांपाशी. घरात दुसरं माणूस नसलं की चुलीपुढं बसायचाही कंटाळा येतो, हे मला त्या वेळी कळलं. ती तर किती वेळा अशी राहिली होती. शिळ्या भाकरीवर दूध घेतलं. रविवारी तिचा फोन आला, पण मुलीच्या गडबडीत दोनच शब्द बोलली.

परत आली तेव्हा मी उत्सुकतेनं विचारलं, "मग? कसा हाय?"

"पाणी कुठं लई व्हतं?" ती म्हणाली. "लांब गेलतं. निस्ता चिखल अन् काळे दगड."

"असं कसं? मी पहिल्या दिवशी सांजेला पाहिला तव्हा गाड्यांपर्यंत आलतं."

"तुमी दुसरीकडं गेलतात मग."

"मांडवीलाच की."

आमचा वाद झाला. मुलीला फोन लावला, तिनं उचलला नाही, कामावर असेल. मग भरतीचं, खडकाचं, त्या बाईचं, सगळं मी बायकोला सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती पिशवीतले कपडे काढत राहिली.

"मीबी तितंच बसलते," ती म्हणाली. "पोरगी फोनवर बोलत व्हती. कुणाला तरी 'ते बघा' म्हणावं वाटत व्हतं."

"मलाबी तसंच वाटत व्हतं."

ती उठून धारेला गेली. मी तिनं आणलेली पिशवी खुंटीला अडकवली आणि पाल्याचा भारा सोडायला बाहेर पडलो.