सहा नंबरच्या जागेतला कढीलिंब

वेस्ट मांबलमच्या तमिळ वस्तीत साठी उलटलेली बाई आपोआप मामी होते. तिचं गाव कोणतं, भाषा कोणती, कुणी विचारत बसत नाही. तशाच सुंदरीबाईही मामी झाल्या. माणूस तंजावरचं, मराठी तीनशे वर्षांपूर्वीची आणि तिला हेल मात्र तमिळ. वय एकोणसत्तर. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, पण आवाज असा की तळमजल्यावर बोलल्या तर गच्चीवरच्या वाळवणातले कावळे उडावेत.

त्या आवाजावरच त्यांनी नोकरी केली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. त्या काळी ट्रंक कॉलला तीन मिनिटं मिळत, आणि संपली की ऑपरेटर मध्येच बोले. नोकरी संपली, ट्रंक कॉल इतिहासजमा झाले, पण मामींची सवय गेली नाही. कुणी फार उपदेश करू लागला की त्या शांतपणे ऐकत आणि मग म्हणत, "तीन मिनिटं झाली." नवऱ्याच्या तेराव्याला गुरुजींनासुद्धा म्हणाल्या होत्या. गुरुजी दचकून गप्प बसले ते थेट दक्षिणेपर्यंत.

नवरा म्हणजे मानाजीराव. वाईट माणूस नव्हता. पण त्यांच्याकडे दोनच वाक्यं होती, आणि ती त्यांनी संसारभर पुरवून वापरली. पहिलं, "जगणार नाही." दुसरं, "तुला जमणार नाही."

पहिलं वाक्य कढीलिंबाला लागलं होतं. एक्स्चेंजच्या आवारात एक जुनं झाड होतं. आवारात काँक्रीट घालायचं ठरलं आणि झाड तोडलं. मुळाशी बोटभर फुटवा राहिला होता. मामींनी डब्यातला दहीभात घाईघाईने संपवला, त्याच चमच्याने फुटवा खणला, डब्यात घातला आणि संध्याकाळी मोपेडच्या मागच्या सीटवर, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर डबा धरून घरी आणला. मानाजीराव मागे न बघता म्हणाले, "जगणार नाही."

दुसरं वाक्य मोपेडलाच लागलं होतं. मामींनी एकदा, फक्त एकदा, विचारलं होतं, "मी चालवून बघू?"

झाडाने आपलं वाक्य खोटं पाडलं. रोजचं आंबट ताक पिऊन ते दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलं. वरदा वादळात अर्धं आडवं झालं, तेव्हा मामींनी मानाजीरावांच्या वेष्टीने, म्हणजे धोतराने, त्याला भिंतीशी बांधलं. अजूनही ते जरा कलूनच उभं असतं, वाटेत भेटलेल्या बाईने गप्पा मारायला थांबावं तसं. मानाजीराव जेवताना रसममधली पानं एकेक वेचून ताटाच्या कडेला हजेरी घेतल्यासारखी मांडून ठेवत. मामी ती उचलून खात. छत्तीस वर्षं. मग मानाजीराव गेले. झाड राहिलं. त्याच्याखाली ताडपत्रीत गुंडाळलेली निळी मोपेडही राहिली.

ही जागा म्हणजे सहा नंबरची पार्किंगची जागा. बिल्डिंगमध्ये आठ फ्लॅट, आठ जागा, आणि मामींची सहावी. पुढे मोपेड, मागे भिंतीलगत झाड. सगळी बिल्डिंग सकाळी पानं न्यायला यायची. नियम तीनच. काडी सांध्यापाशी मोडायची, म्हणजे तिथून दोन नवे फुटवे येतात. पानं ओरबाडायची नाहीत. दिवा लागला की हात लावायचा नाही.

पहिल्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेल्या, आयटीतल्या कीर्तीने पहिल्याच आठवड्यात यातला एक नियम मोडला. सांगलीची मुलगी. तिच्याकडे कढीलिंब जुडीत येतो, झाडाला लागलेला कोणी पाहिलाय? तिने पोह्यांसाठी काड्या तशाच ठेवून पानं ओढली. वरून मामींचा आवाज कोसळला. "अय्यो! कोंबडी सोलल्यासारखं सोललंस काय गे त्याला?"

कीर्ती रडायच्या बेतात होती. पण परक्या गावात कुणीतरी तिच्यावर मराठीत ओरडलं, याचाच तिला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी ती पोहे घेऊन मामींच्या दारात उभी राहिली.

आता खरी गोष्ट. असोसिएशनचे सेक्रेटरी बालाजीराव, तळमजल्यावरचे. तेही तंजावरचे, मानाजीरावांचे दोस्त. त्यामुळे मामी त्यांच्या वैनी. या दोघांचं भांडण मराठीत व्हायचं. कीर्ती सोडली तर बाकी पाच घरांना शब्द कळायचा नाही, पण दारं सगळ्यांचीच उघडायची. बालाजीरावांच्या मुलाने, सिद्धार्थने, हत्तीएवढी पांढरी गाडी घेतली होती. घरची एक गाडी आत होतीच. ही दुसरी गल्लीत उभी राहायची आणि रोज एखादी रिक्षा तिला प्रेमाने खेटून जायची. बालाजीरावांची नजर सहा नंबरवर गेली.

एक दिवस नोटीस लागली. ज्या जागेत रनिंग कंडिशनमधलं वाहन नाही, ती जागा पहिल्या तारखेपासून असोसिएशन गरजूला देईल. जागेतले अडथळे काढून फरशी बसवण्यात येईल.

मामी नोटीसबोर्डापाशी चष्मा लावून उभ्या राहिल्या. "अडथळा म्हणजे कोण, बालाजीराव? मी की झाड?"

"वैनी, भावनेत जाऊ नका. नियम सगळ्यांस सारखा."

"माझी गाडी आहे की तेथे."

"ती गाडी? वैनी, ती भंगार आहे. रनिंग म्हणून लिहिलंय, वाचा. आणि धावली तरी चालवणार कोण? बाजारातले दोन आण्याचे झाड, त्यासाठी एवढं? भाजीवाला फुकट घालतो पिशवीत. मी तर म्हणतो, या वयात माणसाने गीता वाचावी, मन शांत..."

"तीन मिनिटं झाली," मामी म्हणाल्या आणि वर गेल्या.

त्या दिवशी दुपारी त्या जेवल्या नाहीत. हे कीर्तीने पाहिलं म्हणून कळलं, नाहीतर मामी कबूल करायच्या नाहीत. खिडकीत बसून झाडाकडे बघत होत्या. एकदा काँक्रीटखाली गेलेलं झाड त्यांनी चमच्याने वाचवलं होतं. आता हातात चमचाही नव्हता.

मग त्या उठल्या आणि कपाटातून एक फाईल काढली. मानाजीराव गेल्यावर मोपेड त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतली होती आणि कागद दरवेळी मुदतीआधी नवे केले होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला मुदत टळलेला कागद बघवत नाही, एवढंच.

"कीर्ती, तू स्कूटर चालवतेस ना गे?"

"हो मामी. कुठे सोडू तुम्हाला?"

"सोडायचं नाही. शिकवायचं."

मेकॅनिकने गाडी बघून हात जोडले. तरी कार्ब्युरेटर धुतला, टायर बदलले, आणि तिसऱ्या दिवशी इंजिन दोनदा खोकून चालू झालं. मामींनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणलं, परीक्षा दिली. एलएलआर, म्हणजे शिकाऊ लायसन्स, हातात पडलं तेव्हा तो तरुण कारकून म्हणाला, "पाटी, नातवासाठी का?" पाटी म्हणजे आजी. मामी म्हणाल्या, "नातवाला मागे बसवीन."

रोज सकाळी सहाला शाळेच्या मैदानात शिकवणी चाले. पहिल्या दिवशी मामी खांबावर गेल्या. दुसऱ्या दिवशी खांब चुकवून कुंपणावर. तिसऱ्या दिवशी गुडघा फुटला. "मामी, राहू द्या का आज?" कीर्तीने विचारलं. मामींनी गुडघ्याला हळद चेपली. "छत्तीस वर्षं मागे बसून वाट पाठ झालीय गे. फक्त पुढे सरकायचंय."

पहिल्या तारखेला नेमका रविवार आला. कमिटी खाली खुर्च्या टाकून बसलेली. बालाजीरावांना इतकी खात्री होती की त्यांनी झाड तोडणारा माणूस आधीच बोलावून ठेवला होता. तो भिंतीवर बसून कोयत्याला धार लावत होता.

मामी आल्या. नऊवारीवर हेल्मेट. मोपेडच्या मागे लाल एल. मागच्या सीटवर कीर्ती, हेल्मेट घालून, मांडीवर भाजीची रिकामी पिशवी.

बालाजीरावांना हसू आवरेना. "कंपाउंडात फेरी कुणीही मारील. स्टेशनच्या बाजारापर्यंत जाऊन या, वैनी. येताना वांगी आणा, तर मानू."

"किती आणू?"

"अर्धा किलो."

"लांब देठाची की गोल? नंतर म्हणाल चुकीची आणली म्हणून."

पेडल दोनदा मारलं, निळा धूर सुटला आणि मामी फाटकातून गेल्या. सरळ गेल्या असं कोणी म्हणणार नाही, पण गेल्या.

बाजाराच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं. पुढे बस, मागे रिक्षा, चारी बाजूंनी हॉर्न. कीर्ती उतरली. मामी उतरल्या नाहीत. पेडल मारत, पायांनी ढकलत, रिक्षावाल्याला तमिळमध्ये जे सांगायचं ते सांगत त्यांनी गाडी भाजीवालीपर्यंत नेली. वांगी घेतली. लांब देठाची. भाजीवालीने रिवाजाप्रमाणे वर कढीलिंबाची काडी ठेवली. मामींनी ती उचलून तिच्या टोपलीत परत टाकली.

"राहू दे. माझ्या घरी झाड आहे."

'आहे' म्हणताना त्यांचा आवाज इतका चढला की शेजारचा केळीवाला वळून बघायला लागला. घरी कोयता वाट बघतोय, हे त्याला काय ठाऊक!

मागे काय चाललं होतं ते मामींना नंतर कळलं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. बालाजीरावांनी घड्याळ दाखवलं आणि कोयतेवाल्याला खूण केली. तेवढ्यात त्यांची बायको रत्नप्रभा घरातून सूप घेऊन आली आणि झाडापुढे उभी राहिली.

"थांब रे बाबा. आजच्या रसमपुरतं काढून घेऊ दे."

मग तिने काड्या निवडायला सुरुवात केली. ही फार कोवळी. ही फार जून. हिच्यावर कळी आहे. एक मोडली, उजेडात धरली, सुपात ठेवली. बालाजीराव म्हणाले, "लवकर." रत्नप्रभा म्हणाली, "ओरबाडायचं नसतं. वैनी रागावतात." वीस मिनिटांत तिने सात काड्या मोडल्या. कोयतेवाल्याने चहा मागवला.

आठव्या काडीला फाटकातून फटफट आली. आधी धूर दिसला, मग हेल्मेट.

मामींनी गाडी झाडाखाली आणून लावली आणि वांग्यांची पिशवी बालाजीरावांच्या मांडीवर ठेवली. "रनिंग," त्या म्हणाल्या.

"पण झाड..." बालाजीराव म्हणाले.

"नियमात वाहन म्हणून आहे. वाहनाला सावली नको म्हणून कोठे लिहिलंय? वाचून दाखवा."

कमिटीतल्या बाकीच्यांना मराठी कळत नव्हतं, पण सगळे माना डोलावत होते. कोयतेवाला चहा संपवून निघून गेला. जाताना त्याने चार काड्या मागितल्या. मामींनी सांध्यापाशी मोडून दिल्या.

एवढ्यावर बालाजीराव सुटले असं समजू नका. रनिंग कंडिशन म्हणजे गाडी रोज चालू करायला हवी, असं मेकॅनिकने मामींना सांगितलं होतं. मामी नियमाच्या पक्क्या. सहा नंबरची जागा बालाजीरावांच्या निजायच्या खोलीच्या खिडकीखालीच येते. दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला आधी ताक झाडाला, मग पेडल मोपेडला. फटफट फटफट. खिडकीतून धूर, धुरामागे बालाजीरावांचा खोकला. मामींनी घड्याळ लावून मोजलेली असायची. बरोब्बर तीन मिनिटं.

बाराव्या दिवशी नोटिशीतल्या 'रनिंग' शब्दावर काळी रेघ आली. अक्षर बालाजीरावांचं. गल्लीतली हत्तीएवढी गाडी सिद्धार्थने विकून लहान घेतली, असं रत्नप्रभाच सांगत फिरते, आणि सांगताना हसते.

रेघ आली तरी मामींनी गाडी थांबवली नाही. नियमासाठी सुरू केलं होतं, आता आवडायला लागलंय. मागच्या महिन्यात पक्कं लायसन्स आलं. परवा शहराबाहेरच्या कोवलम या कोळीवाड्यात मासे बघायला गेल्या होत्या. खायला नव्हे, बघायला. सबंध ईस्ट कोस्ट रोड, मोपेडवर, कीर्तीच्या स्कूटरच्या पुढे. मागच्या सीटवर कुणी नव्हतं.

हेल्मेट आता कढीलिंबाच्या कललेल्या फांदीला टांगलेलं असतं. दिसलं तर मामी घरात आहेत, काडी नीट मोडा. फांदी रिकामी दिसली तर काही उनाड लोक पटकन हात मारून पानं ओरबाडतात. त्यांची नावं इथे लिहीत नाही. मामी आल्या की उघड्या काड्या बघतात, वर खिडक्यांकडे बघतात, आणि मग सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी नावं त्या स्वतःच घेतात.