चोर आपल्यावानी बोलते

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, घरातसुद्धा नाही. किशोरांसाठी लिहिलेल्या माझ्या रहस्यकादंबरीतली वऱ्हाडी बोली मीच पुसली. तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं.

शाळेची सहल चिखलदऱ्याला जाते, वसतिगृहातून दुर्बीण चोरीला जाते आणि नववीतली एक मुलगी चोर शोधते, एवढीच गोष्ट. पहिल्या खर्ड्यात ती मुलगी माझ्या आईसारखी बोलायची. आई बडनेऱ्याची. उलटतपासणी घ्यावी तर तिनंच. "खरं सांगून राह्यला का मले येडं समजून राह्यला?" एवढं विचारलं की समोरचा कबूल. मी ते जसंच्या तसं उचललं होतं.

मग हस्तलिखित पुण्याला पाठवण्याआधी, अमरावतीच्या घरात बसून, मी एकेक वाक्य धुऊन काढलं. मुलगी शुद्ध बोलू लागली, मास्तर, ड्रायव्हर, सगळेच. वसतिगृहाच्या स्वयंपाक्याला तेवढं वऱ्हाडीत राहू दिलं, जरा गंमत म्हणून. चोर तोच होता.

पुस्तक बरं चाललं. यंदा अकोल्याला, जठारपेठेतल्या एका वाचनालयानं मुलांशी गप्पा मारायला बोलावलं. एक मुलगी उठली.

"सर, राग नका मानू. चोर तर मले पह्यल्याच धड्यात समजला."

"कसा काय?"

"तो एकटाच आपल्यावानी बोलते न! बाकीचे सारे बातम्या देऊन राह्यले."

पोरं खो खो हसली. मीही हसलो. म्हणालो, "ते पुण्याच्या संपादकांनी केलं, बेटा."

"मंग तुमी कावून करू देलं?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. ज्या संपादकबाईंनी माझा स्वल्पविरामसुद्धा हलवला नव्हता, त्यांच्या नावावर मी माझा भेकडपणा खपवला होता.

घरी आलो आणि जुना खर्डा काढला. नवी आवृत्ती निघायची होती. मी सगळ्यांची बोली परत आणून पाठवून दिली. संपादकबाईंचा फोन आला.

"अहो, सगळंच वऱ्हाडीत? इकडच्या मुलांना अडेल. निदान तळटिपा देऊ."

"तळटिपा नकोत. आमची पोरं तुमची भाषा तळटिपांशिवायच शिकली. तुमच्या मुलांनाही आमची येईल."

"आणि आम्ही नाही म्हटलं तर?"

"तर नका छापू."

त्यांनी अजून कळवलेलं नाही. न कळवोत. मी एक शब्द बदलणार नाही. स्वयंपाकीही वऱ्हाडीच बोलतो आणि चोरही तोच आहे. आमच्यातही चोर असतात. फक्त आता तो बोलीवरून सापडणार नाही, पोरांना डोकं चालवावं लागेल.

फोनवर एवढा ताठ बोललो, पण अकोल्यात त्यांच्या नावावर खपवलेल्या खोट्याचं काही बोललो नाही. त्या बाईंची माफी मागायची राहिली आहे. आणि अकोल्याच्या त्या मुलीसमोर उभं राहून, ते मीच केलं होतं, हे सांगायचं बाकी आहे.