कढीपत्त्याची वरची फांदी

पूनम सागरमधल्या आमच्या सोसायटीच्या बागेचं उद्घाटन दोनदा झालं. दोन्ही वेळा पाहुण्यांनी पाम लावले, शाली घेतल्या आणि निसर्गावर बोलून गेले. त्या पामांवर कावळाही टिकत नाही, असं मी मीटिंगमध्ये म्हणालो. अध्यक्षांनी ते मनाला लावून घेतलं.

"काका, पंपरूममागचा कोपरा तुमचा. पावसाळा संपेपर्यंत पक्षी दाखवा, नाहीतर तिथंही पाम लावतो."

कोपऱ्यात एक जुना कढीपत्ता होता, माझ्याहून उंच. आडोशाला मी तगर लावली, पण भिस्त होती कढीपत्त्यावर. त्याची काळी फळं बुलबुलांना आवडतात, असं वाचलं होतं. फळं मात्र मी साठीपर्यंत पाहिली नव्हती, कारण आपल्याकडे या झाडाला फुलोऱ्यापर्यंत कोणी पोहोचूच देत नाही. चार विंगांची फोडणी त्या एकट्यावर चालली होती.

मी तीन भाषांत पाटी लावली. दुसऱ्या दिवशी पाटी शाबूत होती आणि झाडाचा खराटा झाला होता.

पुन्हा पालवी आली, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन सापडल्या. छत्रीच्या मुठीने शेंड्याची फांदी खाली ओढत होत्या.

"बेन, वो बुलबुल के लिए है."

"और मेरी कढी? वो फीकी रहेगी?"

"नीचे का सब आपका. ऊपर का उनका. और देखना भी आपको ही है."

सगळ्यात जास्त पानं तोडणाऱ्या बाईलाच मी राखणदार नेमलं. त्यांनी ते काम कोणत्याही कमिटीहून जास्त गांभीर्याने घेतलं. सकाळी गॅलरीतून आवाज यायचा, "ए भाभी, ऊपर हाथ नहीं! ऊपर पंछी का है!"

एप्रिलमध्ये वरच्या फांद्यांवर पांढरे तुरे आले. जूनच्या शेवटी फळं काळी पडू लागली आणि एका उघडिपीच्या सकाळी दोन बुलबुल येऊन नाश्त्याला बसले. बेननी अध्यक्षांना इंटरकॉमवरून खाली बोलावलं. ते बनियनवरच आले आणि बराच वेळ मान वर करून उभे राहिले. भाषण झालं नाही.

"हे वर्षभर येतात का, काका?"

"फळं आहेत तोवर."

त्यांनी पामांकडे पाहिलं, मग पुन्हा झाडाकडे.

"मग त्यानंतर त्यांच्यासाठी काय लावायचं?"

"तुती," मी म्हणालो. "आणि उद्घाटन नको."