चर्चमध्ये मी खोटं नाव सांगितलं

मित्रांनो, आज एक रील काढली आणि लगेच डिलीट केली. का, ते सांगतो.

दुपारी मी आणि माझा मित्र नगरजवळच्या एका मोठ्या चर्चमध्ये गेलो होतो. समोर संगमरवरी वेदी, शेजारी मतमाउलीचा, म्हणजे मदर मेरीचा, माणसाएवढा पुतळा आणि भिंतीशी कन्फेशनची, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायची, कोरीव लाकडी खोली. आत फादर नव्हते. मित्राने मोबाईल धरला. मी त्या खोलीच्या जाळीसमोर गुडघे टेकले, तोंड ओंजळीत झाकलं आणि रडवेल्या आवाजात म्हणालो, "फादर, मी लई पापी हाय." हसू आवरेना, माझे खांदे हलायला लागले.

तेवढ्यात कुणीतरी पाठीवर हात ठेवला. मागच्या बाकावर फादरांची वाट बघत बसलेल्या एक आजी होत्या. मी ज्या बोलीची नक्कल करत होतो, त्याच बोलीत त्या म्हणाल्या, "रडू नको बाळा. मी तिसगावहून आले, पन मला घाई न्हाई. आधी तुझं होऊ दे."

मला खरं सांगता आलं नाही. मी मान खाली घालून उठलो.

"नाव काय तुझं? मतमाउलीपुढं मेनबत्ती लावते."

ओळख पटू नये म्हणून मी भलतंच नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाठ केलं आणि पुतळ्याच्या पायाशी मेणबत्ती लावली. आम्ही बाजूच्या दाराने सटकलो.

आता त्या घरी पोचल्या असतील आणि त्या खोट्या नावासाठी प्रार्थनाही करत असतील. तिसगावला जाऊन त्यांना खरं सांगू का? तुम्ही काय केलं असतं?