जनावराचा दिवा

हिंजवडीजवळच्या माण गावात माझ्या भाड्याच्या खोलीत एक अजगर राहतो. परदेशी जातीचा, बॉल पायथन. ऑफिसातली मैत्रीण देश सोडून गेली आणि कागदपत्रांसकट त्याला माझ्या गळ्यात मारून गेली. घरमालकीण काकूंच्या अडगळीतून प्लायवूडचं जुनं शोकेस मागून आणलं, मागे भोकं पाडली, झालं त्याचं घर.

दिवाळीनंतर गारठा पडला आणि त्याने खाणं सोडलं. मैत्रिणीने फोनवर बजावलं, "हीट मॅट घे, थर्मोस्टॅट लाव, आणि उघडा बल्ब आत मुळीच नको." दोन्ही वस्तू यायला आठवडा होता. तोवर मी आत साठचा पिवळा बल्ब टांगला. आठ दिवसांत काय होतंय! अतिशहाणी मी.

काकूंनी विचारलं, "दिवसाढवळ्या दिवा कशाला?"

साप म्हटलं असतं तर खोली गेली असती. मी नागपूरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, जनावर म्हणजे कुठलाही प्राणी एवढंच मला ठाऊक. मोघम सांगितलं, "एक जनावर आहे काकू, थंडी वाजते त्याला." ससा वाटेल त्यांना, असा माझा हिशेब.

काकूंनी दाराची चौकट धरली. "जनावर हाय व्हय... बरं. पर दिवा उघडा ठिवू नगंस. आमी डालग्यात कोंबडीच्या पिल्लास्नी असाच लावलावता. वास आला तवा समदं संपलंवतं."

कुठे कोंबडीची पिल्लं आणि कुठे हा, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅब अडकलेली असताना फोन आला. "पोरी, तुज्या खोलीतनं जळका वास येतुया."

"काकू, मेन स्विच पाडा!" एवढंच सुचलं. दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती. आत काय आहे ते सांगायला तोंड उघडेना, तोवर फोन बंद झाला. मी कॅब सोडली आणि उलट दिशेने पळत सुटले.

खोलीचं दार सताड उघडं. शोकेसच्या छताला बांगडीएवढा काळा डाग. आत कोणी नाही. मी ओसरीकडे धावले.

काकू ओसरीवर होत्या. पुढ्यात पालथं डालगं, त्यावर गोधडी. एक हात डालग्यावर दाबून धरलेला.

"बलबाला येटोळं घालून बसलंवतं. भाजत हुतं, तरी सोडंना. गोदडीत धरून काढलं."

"तुम्ही? तुम्हाला भीती नाही वाटली?"

"लई वाटली. पर तूच म्हणलीस की जनावर हाय. आमी लांबड्याचं नाव घेत न्हाई, जनावरच म्हंतो. मला वाटलं, तुला ठावं हाय."

तो वाचला. आता मॅट पेटीच्या खाली आहे, थर्मोस्टॅटही आहे. कात टाकताना ती सगळी सरसर निघते, फक्त पोटावरच्या भाजल्या पट्ट्यापाशी अडकते. मी कोमट पाण्याने ती सोडवते, तेव्हा तो जराही हलत नाही. त्या सकाळीही असाच गप्प बसून भाजत राहिला असेल.