पोटरीवरचा हात

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही; आई गेली, तिलाही नाही. तुम्ही समोर बसला आहात असं समजून बोलते — मध्येच अडखळले तर थोडं थांबा.

मी टेनिस खेळायचे. गुजरात वेगळा झाला तेव्हा फ्रॉकमध्ये होते. वयात आले ती राज्याची विजेती म्हणूनच. बडोद्याच्या नागरवाड्यातून रॅकेट घेऊन सायकलवर निघाले की कोपऱ्यावरचा दुकानदार ओरडायचा, "चाल्यां चॅम्पियनबेन!" जिंकायची सवय लागते हो. आणि तिच्या पाठोपाठ भीती येते, हे कुणी सांगत नाही. हरलेली माणसं दुसऱ्या दिवशी काय करतात? उठून चहा पितात का? मला खरंच ठाऊक नव्हतं.

मग सुनंदा आली. कोयलीच्या रिफायनरीत काम करणाऱ्या एका मराठी फिटरची मुलगी, कॉलेजात नुकतीच गेलेली. रॅकेट कुणाची तरी जुनी, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. अंतिम सामन्यात ती माझ्यासमोर उभी राहिली. पहिला सेट मी घेतला. दुसरा तिनं.

तिसऱ्यात — कसं सांगू? एक चेंडू मी कोपऱ्यात इतका लांब मारला की गुण माझाच म्हणून मी वळलेसुद्धा. ती धावली, जवळजवळ जमिनीला टेकली, आणि बॅकहँडचा तो चेंडू माझ्या शेजारून सरळ रेषेवर जाऊन पडला. चुन्याची बारीक धूळ उडाली. मी बघतच राहिले. इतकी वर्षं ज्याला मी माझा खेळ म्हणत होते, तो खरा असा असतो? अंगावर काटा आला. आनंद झाला मला — हे खोटं नाही — हे आपल्या बडोद्यात, माझ्या डोळ्यांदेखत घडतंय याचा आनंद. तसले फटके मग येतच राहिले. आणि मला कळलं, मी हरणार.

पुढच्या एका चेंडूवर मी धावले आणि — आणि खाली बसले. पोटरी धरून.

पोटरीला काहीही झालं नव्हतं.

पंच उंच खुर्चीवरून उतरत होते, "शुं थयुं, बेन?" पण सगळ्यांच्या आधी पोचली ती सुनंदा. जाळी ओलांडून आली, मातीत गुडघे टेकले आणि माझी पोटरी चोळायला लागली. "ताई, इथं दुखतंय का? पाय सैल सोडा बघू." मी डोळे मिटून म्हणाले, "हो, तिथंच."

मी सामना सोडला. करंडक तिला मिळाला. टाळ्या मला — लंगडत बाहेर पडताना.

राज्याच्या संघात तेव्हा मुलींसाठी एकच जागा होती. निवडणारे म्हणाले, समोरचीचा पाय दुखावला म्हणून मिळालेला विजय तो काय विजय! जागा मला दिली. मी नको म्हणाले का? आई रोज पोटरीला हळदीचा लेप लावत होती. मी 'बरी' झाले, राष्ट्रीय स्पर्धेला गेले, पहिल्याच फेरीत हरले. दुसऱ्या दिवशी उठून चहा प्यायले. सुनंदानं पुढच्या वर्षी नावच दिलं नाही.

नंतर माझाही खेळ सुटला. लग्न झालं, कारेलीबागेत घर झालं, शाळेत मुलींना कवायत शिकवली. जिंकणं-हरणं यावर लोक मला भाषणाला बोलवायचे. मी द्यायचेही.

गेल्या उन्हाळ्यात भाजीच्या हातगाडीपाशी एका पिकल्या केसांच्या बाईनं स्कूटर थांबवली. "ताई, ओळखलंत? सुनंदा!" किती मोकळं हसली! नातवंडांचं सांगितलं, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुमचा पाय दुखावला नसता तर मी कुठली जिंकतेय! तो करंडक मी कधी मांडलाच नाही. पण तुमच्याशी खेळायला मिळालं ना, ते पुरलं मला."

इतकं निर्मळ माणूस असतं? मी तिच्याकडे बघत होते. आसपास कुणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

मी म्हणाले, "हो गं. पाय धड असता तर गोष्ट वेगळी होती."

तिनं मान डोलावली. "आवजो, ताई," म्हणाली आणि स्कूटर सुरू केली. मी हात हलवला.